वरचा डावा सुळा

गुरांच्या दवाखान्यात कुठलंही जनावर आलं की नाना आधी त्याच्या तोंडात अंगठा घालत. पायाला लागलेलं असो, पोट फुगलेलं असो, नाहीतर नुसतं टोचून घ्यायला आणलेलं असो. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्यांच्या मधे गुराच्या जबड्यात थोडी रिकामी जागा असते. तिथे अंगठा सरकवला की भलाथोरला बैलही मुकाट्याने तोंड उघडतो. नाना आत डोकावत, “हं” म्हणत आणि अंगठा पँटला पुसत माझ्याकडे वळत. “पह्यले तोंड दखा, मॅडम. मानूस खोटं बोलस, दात नही बोलतस.”

माझी ती पहिलीच नेमणूक. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, चारी बाजूंनी केळी असलेलं गाव. दवाखान्यात आम्ही दोघंच. मी डॉक्टर आणि नाना व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे. हा शब्द त्यांना स्वतःला कधी धड उच्चारता आला नाही आणि गावाने तशी कधी अपेक्षाही केली नाही. ते धुळ्याकडचे, पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातले. नोकरीने त्यांना खानदेशाच्या या टोकाला आणून टाकलं होतं. इथली बोली वेगळी. तिला ते हसत आणि ती त्यांना हसे. गुरांशी ते अहिराणीत बोलायचे, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. राग आला किंवा फार आनंद झाला की मात्र माझ्याशीही अहिराणीत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना एकच गोष्ट येते, पण ती अशी येते की बाकीचं काही आलं नाही याचं कुणाला काही वाटत नाही. नानांना दात यायचे.

एकदा एक शेतकरी पारोळ्याच्या बाजारातून बैल घेऊन आला. चारदाती म्हणून घेतला होता. नानांनी तोंड उघडलं. वासराला खालच्या जबड्यात पुढे आठ दुधाचे दात असतात. दोन वर्षांच्या सुमारास मधले दोन पडून रुंद, पक्के येतात, तो दोनदाती. मग चार, मग सहा, आणि आठही पक्के झाले की बैल जुळला. त्यापुढचं वय सांगायचं ते नुसत्या झिजेवरून. या बैलाचे आठही दात उंबरठ्यासारखे झिजलेले. नानांनी त्याचं तोंड हळूच मिटलं आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, हाऊ बैल तुन्हा लगीनमा बी व्हता रे!”

दुसरा एक तरुण जळगावात नोकरीला होता. हौसेने गाय घेतली आणि दुसऱ्याच दिवशी धापा टाकत दवाखान्यात आला. “फसवलं मला! हिला वरचे दातच नाहीत!” गायीला वरचे पुढचे दात कधीच नसतात, तिथे नुसती कडक गादी असते, गवत जिभेने ओढून त्या गादीवर दाबून तोडायचं असतं, हे त्याला कोण सांगणार? मी तोंड फिरवून हसू दाबलं. नाना हसले नाहीत. आपल्या सायकलच्या कॅरिअरवर त्याला बसवून चार गोठ्यांमधून फिरवून आणलं आणि चार गायींची तोंडं उघडून दाखवली. पोरगा खूश होऊन गेला.

दवाखान्याच्या खिडकीत नानांनी जबडे मांडून ठेवले होते. मेलेल्या जनावरांचे, चुन्यात घालून साफ केलेले. गाय, शेळी, कुत्रा, डुक्कर, मेंढपाळांच्या तांड्यात मेलेला एक उंट. शाळेतली पोरं आली की त्यांच्या हातात एकेक देत. गायीच्या दाढा जात्यासारख्या सपाट, तिला दळायचंय. कुत्र्याच्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकणाऱ्या, त्याला कापायचंय. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. कुरतडायचं थांबला तर तेच दात त्याला खाऊ देणार नाहीत. हे सगळं त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तीस वर्षं ते तोंडांत बघत आले होते.

त्या पोरांत गुड्डी होती. तिचे आईबाप सातपुड्यातून मजुरीला आलेले आणि एका बागायतदाराच्या केळीत झोपडी घालून राहिलेले. मोटार चालू-बंद करायची, केळीला पाणी द्यायचं, राखण करायची. गुड्डीला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. बापाला ती माहीत नव्हती. “पाऊस लागला होता,” एवढंच तो सांगे. गुरुजी तिला घेऊन दवाखान्यात आले. मी म्हटलं, “अहो, हा गुरांचा दवाखाना आहे.” पण नाना गुडघे टेकून बसलेसुद्धा. टॉर्च लावून त्यांनी तिच्या तोंडात पाहिलं. मागे पहिल्या पक्क्या दाढा आलेल्या. खालचे मधले दोन दात नवे, त्यांच्या कडेला अजून करवतीसारखे बारीक दाते. वर मधे खिंडार. “सात पुरी नही,” ते म्हणाले. “पण लागतील सात.”

तेव्हापासून शाळा सुटली की गुड्डी दवाखान्याच्या दारात येऊन आ करून उभी राही. “नाना, आला का?” नाना हातातलं काम टाकून टॉर्च आणत. “येतोय, येतोय. कोंब दिसतोय.” ती खूश होऊन केळीकडे धावत जाई. मी कधी कधी म्हणे, “नाना, काल पाहिलंत, आजही पाहताय. एका दिवसात काय दिसणार?” “दिसतं, मॅडम.”

त्या हिवाळ्यात केळीत बिबट्या आला. केळी दाट, ओली, थंड. बिबट्याला जंगल आणि केळी यांत फरक वाटत नाही. एका सकाळी शेळी मेल्याचा निरोप आला. पंचनाम्याला आम्ही दोघं गेलो. नानांनी ब्लेडने शेळीच्या मानेवरचे केस साफ केले, कातडं धुतलं आणि बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

“किती भोकं दिसतात, मॅडम?”

“तीन.”

“सुळे किती असतात?”

चार असतात. दोन वर, दोन खाली. चौथ्या जागी नुसता काळानिळा डाग होता. बाकीची तीन भोकंही बारीक नव्हती, बोथट खिळा ठोकल्यासारखी रुंद. “वरचा डावा सुळा नाही याला,” नाना म्हणाले. “बाकीचे झिजलेत. म्हातारं जनावर आहे. रानातलं काही धरता येत नाही म्हणून शेळीवर आलंय.” मग उठताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “आते शेळीपेक्षा हळू काय चालस, ते धरी.”

आणि तसंच झालं. दोन दिवसांनी बांधावर गवत कापणारी साठीची एक बाई गेली. नाना तिच्या घरी भेटायला गेले. तिला आंघोळ घालणाऱ्या जावेला त्यांनी मानेवरच्या जखमांबद्दल विचारलं. असं काही विचारणं बरं दिसत नाही हे त्यांना कळत होतं. जावेने तीन बोटं दाखवली.

पिंजरे लागले. लोक रानात जाईनात, केळीची कापणी थांबली, घड झाडावर पिकायला लागले. पाचव्या दिवशी बिबट्या सापडला. सगळं गाव लोटलं, आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल वर धरलेला. वनखात्याचे डॉक्टर लांब होते म्हणून तपासणीला मला बोलावणं आलं. भूल दिलेलं जनावर ताडपत्रीवर आडवं पडलं होतं. मी नाडी मोजत होते तेव्हा नानांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं.

दात दुधासारखे पांढरे. चारही सुळे पूर्ण, टोकं सुईसारखी. हिरड्या गुलाबी. फार तर अडीच वर्षांचा नर.

“मॅडम,” नाना म्हणाले, “हाऊ तो नही.”

मी वनखात्याच्या मोठ्या साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. पाच रात्री झोपलेले नव्हते. “मॅडम, तुम्ही याची तब्येत लिहा. हाच का दुसरा, ते आम्ही बघू. बाहेर लोक पाहिलेत ना? आत्ता हा तो नाही म्हटलं तर ते याला इथंच मारतील आणि मग आपल्याला.”

मी लिहिलं. नर, वय अंदाजे अडीच वर्षं, प्रकृती उत्तम, दात पूर्ण व शाबूत. नाना माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“लिव्हा ना, मॅडम.”

“लिहिलंय, नाना. दात शाबूत असं लिहिलंय.”

“ते वाचणाऱ्याला कळेल?”

मी सही केली. माझं वय तेव्हा सव्वीस होतं आणि नोकरीला सात महिने झाले होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बिबट्यासकट पिंजरे गाडीत घालून नेले. नानांनी मात्र शेळीच्या मानेचं ते कातडं मीठ लावून ठेवलं होतं. ते पिशवीत घालून ते सायकलवर दारोदार फिरायला लागले. ओट्यावर बसत, कातडं पसरत, तीन भोकांवर बोट ठेवत. पहिल्या दिवशी लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पारावर एका वयस्क बागायतदाराने त्यांना हटकलं. “नाना, माणसं आता कुठं रानात जायला तयार झालीत. आठ दिवसांत माल गेला नाही तर बठ्ठा सडेल. तुम्ही गुरांचे दात पाहा.” लोक हसले. नानांनी कातडं गुंडाळलं.

गुड्डीच्या बापाकडे ते तीनदा गेले. “शाळेच्या व्हरांड्यात येऊन राहा. गुरुजींशी बोललोय मी.”

बाप म्हणाला, “मालक सांगतो, धरला. पेपरात फोटो आहे.”

“तो वेगळा आहे.”

“मोटारीजवळ कोण राहणार, नाना? मालक काढून टाकेल.”

मग नाना मालकाकडे गेले. मालकाने चहा पाजला, बोलणं ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही. “दोन दिवस थांबा. एवढी कापणी होऊ द्या, मी स्वतः त्यांना गावात आणतो.”

तिसऱ्या दिवशी, दिवस मावळताना, गुड्डी झोपडीमागे हंडा भरायला गेली. नळी झोपडीपासून दहा पावलांवर होती. आईला हंडा पडल्याचा आवाज आला. ती म्हणाली, मला वाटलं हातातून निसटला, मी आतूनच ओरडले.

ती केळीच्या सातव्या ओळीत सापडली.

पोलीस आले तेव्हा नाना आणि मी तिथेच होतो. हवालदार बापाला एकेक विचारत कागद भरत होता. नाव. गाव. मग वय. बापाने नानांकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. सगळे नानांकडे बघायला लागले.  नाना म्हणाले, “वरचे दोन दात अर्धे आले होते. सात पुरी होऊन वर काही महिने. साडेसात लिहा.”

हवालदाराने लिहिलं, अंदाजे आठ.

त्यानंतर कितीतरी दिवस नाना माझ्याशी फक्त कामाचं बोलत. सुई द्या, दोरी धरा. एका दुपारी मीच म्हटलं, “नाना, मी स्पष्ट लिहायला हवं होतं.” ते बाटल्या धूत होते. हात न थांबवता म्हणाले, “लिहून काही झालं नसतं, मॅडम.” मग एक बाटली उपडी ठेवली. “पण लिहायला हवं होतं.”

त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

पुन्हा पिंजरे लागले; त्यात काही आलं नाही. महिनाभराने एका नाल्यात मरून पडलेली बिबट्याची मादी सापडली. बरगड्या मोजता येत होत्या. शवविच्छेदन मी केलं. नानांनी जबडा उघडून धरला. वरचा डावा सुळा हिरडीपाशी मोडलेला, आतून काळा पडलेला. मुळाशी हाड सडून त्यात पू झाला होता, सूज डोळ्यापर्यंत गेली होती. त्या बाजूने तिला काही चावणं शक्यच नव्हतं. नाना बरोबर होते, प्रत्येक गोष्टीत बरोबर होते. मला वाटलं आता तरी ते काही बोलतील. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, “कितलं दुखत व्हयी हाईले.”

यावेळी मी अहवालात सगळं लिहिलं, दोन पानं. पहिला बिबट्या तो नव्हता हेही लिहिलं. त्याला सोडून द्यावं असंही लिहिलं. मग महिनाभराने रजा टाकून मी वनखात्याच्या प्राणी-केंद्रात त्याला बघायला गेले. एवढ्या दिवसांत पिंजऱ्याच्या गजांना चावून चावून त्याने दोन सुळे मोडून घेतले होते. असं जनावर परत रानात सोडता येत नाही. त्याचे डॉक्टर हळहळत होते. त्यांच्या हातातही काही राहिलं नव्हतं. मी नानांना हे सांगायचं नाही असं ठरवलं. पण त्यांनी विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी मोकळी होती. सगळे जबडे त्यांनी उकिरड्यामागे खड्डा करून पुरले होते. गुरं येत होती. नाना त्यांना खोड्यात घालत, दोरी आवळत, पट्टी बांधत. तोंड उघडत नव्हते. एखादा म्हणे, “नाना, जरा दात बघा ना, किती वर्षांचा असेल?” तर माझ्याकडे बोट दाखवत. “मॅडमला विचारा.”

गुड्डीचे आईबाप पहाडात परत गेले होते. झोपडी रिकामी होती. निवृत्तीला तीन-चार महिने राहिलेले असताना नानांनी तिथे कुंपणासारखं कूड घालायला घेतलं. दर रविवारी सायकलवर बाभळीचे खांब, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, आणि काटे नेत. खांब पुरत, पऱ्हाट्या विणत, वर काटे बांधत. झोपडी आणि पाण्याची नळी दोन्ही आत येतील असं पुरुषभर उंचीचं गोल कूड. मालकाची हरकत नव्हती. रस्त्याने जाणारे विचारत, “नाना, आत कोणी नाही, कुणासाठी?” ते पुढचा काटा बांधायला घेत. हात काट्यांनी फाटलेले असत. सोमवारी मी त्यांच्या हातांना औषध लावत असे. पट्टी नीट जमायची नाही मला. ते स्वतःच सोडून पुन्हा बांधत.

मेअखेरीस ते निवृत्त झाले. सत्काराला नको म्हणाले. एक ट्रंक, एक वळकटी आणि सायकल बसच्या टपावर चढवली आणि गेले. जाताना मला म्हणाले, “काळजी घ्या, मॅडम. जेवण वेळेवर करा.”

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. आबा गेले, म्हणाला. घरी त्यांना सगळे आबा म्हणत हे मला तेव्हा कळलं. आजार फार नव्हता. जेवण तुटत गेलं, बोलणं तुटत गेलं. मी पिंपळनेरला जाऊन आले. मुलगा चांगला होता, सून चांगली होती. तिकडे नोकरीत काय काय करायचे ते, असं त्यांनी मला विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी बैलाची गोष्ट सांगितली, गायीची सांगितली. ते हसले. पुढचं मी सांगितलं नाही.

परत आले तर कळलं, कापणीसाठी मजूर आलेत, आणि गुड्डीचे आईबापही आलेत. त्याच मालकाकडे, त्याच झोपडीत. पहाडात काम नव्हतं. नाना गेल्याचं त्यांना सांगायला हवं म्हणून मी संध्याकाळच्या आत गेले.

आई चुलीपाशी होती. झोळीत तीन-चार महिन्यांचं बाळ होतं, मुलगी. बाप मोटारीकडून आला. नानांचं ऐकून तो खाली बसला आणि त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

मी इकडेतिकडे पाहत होते. कूड दिसत नव्हतं. जमिनीत बुडख्याएवढे दोन-तीन खांब राहिले होते, तेही कुऱ्हाडीने तोडलेले. बापाने माझी नजर कुठे आहे ते पाहिलं.

“थंडी फार होती, मॅडम,” तो म्हणाला. “बाळ लहान. लाकूड कुठून आणणार? पऱ्हाट्या लगेच पेटतात.”

“कुणी घातलं होतं ते कूड, ठाऊक आहे?”

“मालकाने ना?”

चुलीत शेवटचा तुकडा जळत होता. आईने तो आत सरकवला. झोपडीच्या मागे नळी तशीच होती, आणि तिच्यापुढे केळीची पहिली ओळ.